काकांचा मोर

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा अशा भिंतीजवळ या, तिकडून रस्त्यावर ऐकू जातं. कोपऱ्यावरच्या काकांनी काल कबाडीवाल्याला चक्क हाकलून दिलं! काकूंनी सकाळीच सगळं बाहेर काढलं होतं, कूलरची जाळी, सायकलच्या चेनी, ती गंजकी फ्रेम... भावसुद्धा ठरला होता. तराजूत चेन पडते न पडते तोच काका बनियनवर धावत आले, "हात लावू नको, माझा मोर आहे तो!" मोर! काकूंचा चेहरा असा काही उतरला म्हणता...

हे सगळं त्या वीणेनं केलंय, असं काकूंचं म्हणणं. कोणती काय विचारता, आपल्या भोपाळच्या अटल पथावरची! पवन देशपांडे आणि त्यांच्या मंडळींनी केलेली रुद्रवीणा. २८ फूट लांब, १२ फूट उंच, वजन पाच टन! १५ जण सहा महिने खपत होते म्हणे. गाड्यांचे गिअर, बेअरिंग, चेनी, तारा, सगळं भंगारच. आणि देशपांडे म्हटल्यावर आपल्यातल्या चार घरांना लगेच लांबचं नातं आठवलं, ते वेगळंच. २०२३ च्या जानेवारीत ती लागली, तेव्हापासून काका जे बिथरलेत...

तर काय सांगत होते, हां. वेल्डिंग शिकले ना ते! गॅरेजात उभं राहून, नुसतं बघून बघून. समोरच्या सूनबाईंनी नाक मुरडलं, "आर्ट कॉलेजात न जाता कुठे मूर्ती होतात?" झालं! काकांनी तिथल्या तिथे चंदीगडचे नेकचंद काढले. रोड इन्स्पेक्टर माणूस, कसला कोर्स नाही की गुरू नाही. नव्या शहरासाठी गावं पाडली, तिथला राडारोडा सायकलवरून जंगलात न्यायचे. फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या... आणि जागा सरकारी, परवानगीचं नाव नाही! अठराएक वर्षं कुणाला पत्ता नाही हो. आपल्या गल्लीत नवा कुकर आला तरी संध्याकाळच्या आत बातमी पोचते! साहेबलोकांना कळलं तेव्हा पाडायचंच घाटत होतं, पण लोक आडवे आले. १९७६ मध्ये रॉक गार्डन उघडलं, वर नेकचंदना पगार, हाताखाली पन्नास माणसं, आणि १९८४ ला पद्मश्री! सूनबाई "दूध उतू जाईल" म्हणत आत पळाल्या. गॅस बंद होता, मला दिसत होतं ना इथून.

पण खरं सांगू? मी जाऊन बघून आले तो मोर. गच्चीवर ठेवलाय. चेनीची मान काय सुरेख वळवलीय, डोळ्याला बेअरिंग, बोट लावलं की फिरतं. हसू नका, कला आहे माणसाच्या बोटांत. पिसारा मात्र... पिसारा चमच्यांचा आहे वहिनी. स्टीलच्या. काकू म्हणतात, "आमचे नाहीत, मी मोजलेत."

त्यांच्या सत्यनारायणाला तुमचे चमचे गेले होते ना हो? सगळे परत आले का?