मावा, तुडतुडे आणि नवे शेठ

मृग जवळ आला की नागपूर–तुळजापूर महामार्गावरच्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावसारख्या तालुक्याच्या गावी कपाशीच्या आधी कृषी केंद्रं उगवतात. त्यांतला नवा कोरा शेठ लांबूनच ओळखू येतो. फ्लेक्सवर त्याचा फोटो बियाण्याच्या पाकिटापेक्षा मोठा असतो आणि गल्ल्यामागच्या लक्ष्मीशेजारी ‘कृपया उधार मागू नये’ ही पाटी असते. दुकान थाटताना परवाना, गोदाम, फर्निचर सगळ्याचा विचार झालेला असतो, फक्त गिऱ्हाइकाचा तेवढा राहून जातो. पैसे घेऊन येतो आणि माल घेऊन जातो तो गिऱ्हाईक, असा शेठचा समज. पण फुलसावंगीहून किंवा गुंजहून आलेला शेतकरी आधी माल मागतच नाही. तो दस्तीची गाठ सोडतो, पाकळ्या चिकटून मिटलेली डोमकळी काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, “भाऊ, हे कायचं हाय, पाय बरं.” ती कळी उकलून आतली गुलाबी बोंडअळी दाखवायला दोन मिनिटं पुरतात. शेठ मात्र मोबाइलवरची नजर न काढता मागच्या फळीवर हात घालतो. हातात कोणती बाटली येणार, हे कीड ठरवत नाही, कंपनीची स्कीम ठरवते. माव्याच्या औषधाचा थेट संबंध गोव्याच्या सहलीशी असतो. बाई एकटी आली तर ‘मालक नाही आले?’ म्हणून तिला माघारी धाडतो. निंदताना, वेचताना अळी आधी तिलाच दिसते, हे त्याच्या गावीही नसतं.

शेठची तक्रार अशी की, लोक सल्ला फुकट घेतात आणि माल शेजारच्या दुकानातून उचलतात. काही जण उचलतातही. पण बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत २०१६पासून केंद्र सरकार ठरवतं. २०२५च्या हंगामात ४७५ ग्रॅमच्या बीजी-२ पाकिटाला ती ९०१ रुपये होती. पाकीट तेच, छापील किंमतही तीच, मग गिऱ्हाइकाने याचीच पायरी का चढावी? वेगळं विकण्यासारखं सल्ल्याखेरीज उरतं काय? आणि तो सल्ला साधा नसतो. २०१७मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कशात काय मिसळायचं नाही, हे विचारायला शेतकरी पहिल्यांदा दुकानातच येतो.

उरली उधारी. उधारीने दुकानं बुडतात, यात शंका नाही. पण पेरणी जूनमध्ये, सोयाबीन ऑक्टोबरात आणि कापसाचे पैसे दिवाळीच्या आगेमागे. या हिशेबात जूनला रोकड मागणं म्हणजे गिऱ्हाइकाला सावकाराकडे पाठवणं. जुना दुकानदारही डोळे मिटून उधार देत नाही. कोणाच्या विहिरीला पाणी आहे, कोणाकडे यंदा लग्न आहे, कोण गेल्या वर्षीचे पैसे बुडवून चौकातून मान वळवून जातो, हे सगळं त्याला ठाऊक असतं. ही माहिती दुकानाबाहेरच्या बाकावर चहासोबत आपोआप गोळा होते. नव्या शेठने तो बाक रिकामटेकड्यांची गर्दी नको म्हणून काढून टाकलेला असतो. गर्दी आता नसतेच, तेवढा एक हेतू सफल झालेला असतो.