अहो म्हणजे लसूण

माझी बायको मला ३१ वर्षं लसूण म्हणत होती, हे मला वयाच्या ५७व्या वर्षी कळलं. मेक्सिकोकडच्या स्पॅनिशमध्ये लसणाला 'आहो' म्हणतात. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. आमच्या केंदूर गावात मला लहानथोर सगळे नाना म्हणतात, आणि तिकडे 'नाना' म्हणजे पोरं सांभाळायला ठेवलेली बाई. 'बाबा' म्हणजे लाळ. 'काका' म्हणजे काय ते इथे लिहीत नाही. घरात तान्हं मूल असेल तर त्याचं दुपटं बघा. एवढं ज्ञान मी रोख पैसे मोजून मिळवलं.

कारण घरगुतीच आहे. आमचा थोरला चाकणहून मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरात गेला, मोटारींच्या कारखान्यात, दोन वर्षांच्या बोलीवर. दोन वर्षं संपता संपता त्यानं तिथलीच मुलगी ठरवली. आमच्याकडे पोरगी शिरूर तालुक्याबाहेरची असली तरी 'लांबची केली' म्हणतात. विहीणबाई पहिल्यांदा व्हिडिओवर दिसल्या आणि दहा मिनिटं बोलत राहिल्या. मला 'सी' एवढंच येत होतं. सी म्हणजे हो. नव्या सोयऱ्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून दर वाक्याला मी सी म्हणालो. फोन ठेवण्याआधी मुलगा म्हणाला, "नाना, तुम्ही त्यांना महिनाभर राहायला बोलावलंय. दोन मावश्यांसकट."

मग शिकणं आलं.

आधी मोबाईलवर एक अ‍ॅप घेतलं. ते रोज पाच मिनिटं मागायचं आणि एक दिवस चुकला की सासूसारखं तोंड करायचं. १४० दिवस मी एकही खाडा केला नाही. श्रावणी सोमवारसुद्धा मी इतक्या निष्ठेनं धरलेले नाहीत. त्यातून मला 'घोडा सफरचंद खातो' हे वाक्य अस्खलित यायला लागलं. विहीणबाईंपुढे ते काढायला निमित्त मिळायची वाट मी अजून बघतोय.

मग पुण्यात एक शनिवार-रविवारचा वर्ग धरला. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, तिथंही स्पॅनिश शिकवतात. पण त्या वेळा मला जमेनात, म्हणून मी गेलो तो खासगी. वर्गात माझ्याखेरीज सगळे विशीतले. मला पहिल्या दिवशी त्यांनी पालक समजून बाहेर बाकावर बसवलं. मात्र एसटीतला वेळ कारणी लागला. वर्तमानकाळाची रूपं मी शिक्रापूरच्या चौकात पाठ केली आणि दोन्ही भूतकाळ वाघोलीच्या कोंडीत. कोंडी जरा मोठी असती तर भविष्यकाळही झाला असता.

खरी गोष्ट घडली ती 'मे गुस्ता'च्या दिवशी. सर इंग्रजीतून समजावत होते, की 'मला आंबा आवडतो' हे स्पॅनिशमध्ये उलटं बोलतात, म्हणजे आंबा हा कर्ता, तो मला सुखावतो, आंबे अनेक असले की क्रियापदही अनेकवचनी. पोरं डोकं खाजवत होती. मला कळेना, की यात उलटं काय? आंबा आवडतो, आंबे आवडतात. आमच्या घरात गाईच्या गोठ्यापर्यंत सगळे असंच बोलतात. ही मुलं घरी मराठीच बोलणारी. पण स्पॅनिशला निघाली होती इंग्रजीवरून.

केंदूरहून शेजारच्या पाबळला जायचं तर कुणी वाघोलीवरून जात नाही.

त्या दिवसापासून मी इंग्रजीचा थांबा काढून टाकला. बघतो तर काय, वाट आपल्याच बांधावरून जाते. त्यांचा 'तू' म्हणजे आपला तू, उच्चारासकट. आदरानं बोलायचं तर 'उस्तेद', आपल्या 'आपण'सारखं. त, द, य, ञ जिभेवर तयार. इंग्रज माणसाला त्यांचा त काढायला दात शोधावे लागतात. 'मी गेलो' आणि 'मी जायचो' यातला फरक सांगायला पुस्तकानं अकरा पानं घेतली होती, कारण इंग्रजीत दोन्हीला एकच रूप बऱ्याचदा चालतं. ज्याला 'लहानपणी आम्ही वेळ नदीवर पोहायला जायचो' म्हणता येतं, त्याला ती अकरा पानं फाडून पुड्या बांधायला हरकत नाही. आणि जिथं सगळे धारातीर्थी पडतात तो त्यांचा 'सुबहुंतिवो', तो तर आपला विध्यर्थ निघाला. 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस'. सगळंच जुळतं असं नाही. त्यांच्याकडे नपुंसकलिंगी नाम नाही. आपलं ते 'टेबल' त्यांनी बाई करून टाकलंय. मराठीतही लिंगाचा कुठे काय नियम आहे म्हणा. आपण भाकरीला ती म्हणतो आणि पोळपाटाला तो, कुणी विचारलं का?

शब्दांचंही तसंच. पोर्तुगीज ही स्पॅनिशची चुलत बहीण, आणि ती आपल्याकडे चारशे वर्षं राहून गेली. पगार, साबण, घमेलं, बिजागरी ही तिची माहेरची भांडी. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणं. आमच्याकडे पगार म्हणजे घेणं. बाजू बदलली की अर्थही बदलतो.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची शाळा इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला स्पॅनिश यायला पूर्णवेळ ३० आठवडे धरते. माझ्या हिशेबात कांदा लावणं, काढणं आणि चाळीत भरणं बसवलं तर ती मुदत माझ्या तेराव्यापर्यंत जात होती. तेव्हा धीर दिला तो पांडुरंग खानखोजे यांनी. वर्ध्याकडचा हा क्रांतिकारक गदर चळवळीतून फिरत फिरत १९२०च्या दशकात मेक्सिकोला पोहोचला तेव्हा चाळिशीच्या घरात होता. तिथल्या चापिंगोच्या शेतकी शाळेत ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा चालवल्या. दिएगो रिव्हेरानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. त्यांच्याजवळ अ‍ॅप नव्हतं. पुढ्यात मका होता आणि ज्यांना तो समजावायचा ते शेतकरी होते.

आमच्या शेजारी पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तोही याच तत्त्वावर: हातानं करत शिका. आयुष्यभर त्या फाटकावरून गेलो, पण ते भाषेलाही लागू पडतं हे कळायला विहीणबाई याव्या लागल्या.

त्या आल्या, मावश्यांसकट. मी इस्त्रीचा शर्ट घालून पाठ केलेलं स्वागत म्हणायला उभा राहिलो आणि 'सेन्योरा'च्या पुढे माझा आवाज गेला. तोवर बायकोनं त्यांना हाताला धरून चुलीपाशी नेलं होतं. ती मराठीत बोलत होती, त्या स्पॅनिशमध्ये, आणि दोघींना एकमेकींचं कळत होतं. ही भाकरी थापायला लागली तशा विहीणबाई टाळी वाजवून पुढे सरसावल्या. त्यांच्याकडेही मक्याची तोर्तिया अशीच हातावर थापतात. तवा म्हणजे 'कोमाल', पाटा म्हणजे 'मेताते', मळलेल्या पिठाचा गोळा 'मासा'. ज्वारीच्या पिठाला मासा म्हटल्यावर शेजारची माळकरी आजी उठून गेली, ते सोडा. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, शेंगदाणा, सगळं मूळचं त्यांच्याच बाजूचं, म्हणून विहीणबाई परसातून माहेरी आल्यासारख्या फिरत होत्या. चार दिवसांत बायकोला चाळीस शब्द येत होते. मला दोन वर्षांत व्याकरण आलं होतं.

तिनं चुलीजवळून "अहो!" अशी हाक मारली की विहीणबाई लगबगीनं लसणाचा गड्डा नेऊन द्यायच्या. पहिल्या आठवड्यात घरात इतका सोललेला लसूण झाला, की शेवटी चटणी करून कान्होराज महाराजांच्या देवळाच्या आळीत वाटावी लागली.

मला कुणी विचारलंच, स्पॅनिश कसं शिकावं, तर अ‍ॅप घ्या, वर्गालाही जा, पण वही मराठीत ठेवा. आणि शक्य असेल तर मुलाला प्वेब्लाला पाठवा.

सूनबाईला मुलगा झालाय. तिची रजा पुढच्या महिन्यात संपते, म्हणून आम्हा दोघांची तिकिटं आली आहेत. बायको स्वयंपाकघर बघणार आहे. मी नाना म्हणून चाललोय.