टीव्ही, रिमोट आणि दीड वर्षाचं मूल : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! आपलं मूल धरून उभं राहू लागलं, म्हणजे त्याचा हात आता टीव्हीच्या टेबलापर्यंत पोचला. ही मार्गदर्शिका नवे आईबाप, नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा आणि मुलांसकट मुक्कामाला येणारे पाहुणे यांच्यासाठी आहे. जुन्याजाणत्यांनी वाचली नाही तरी चालेल. त्यांच्याकडे फोडण्यासारखं काही उरलेलं नसतं.

काही बिघडलं की सुरुवात पंचनाम्याने होते. "त्याच्या हातात मोबाइल दिला कोणी?" या प्रश्नाच्या मागे लागू नये. भात भरवताना तो सगळ्यांनीच दिलेला असतो. आजी "लेकरू आहे, त्याला काय कळतंय" म्हणून खटला काढून टाकतील. तो निकाल मान्य करावा आणि कामाला लागावं. क्रम लक्षात ठेवा : आधी भिंतीवरचं बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पुसापुशी. आरडाओरडा सवडीने.

मोबाइल बादलीत पडला की घरातलं एक माणूस तांदळाच्या डब्याकडे धावतंच. कोलम की इंद्रायणी, हा वाद घालत बसू नका. दोन्हींचा उपयोग सारखाच, म्हणजे शून्य. खुद्द ॲपलने २०२४ साली ग्राहकांना बजावलं, की ओला आयफोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत गेले तर आणखी नुकसान होईल. चार्जिंगचं तोंड खाली करून फोन हलकेच झटकावा, हवेशीर जागी ठेवावा आणि पुरता वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये. हेअर ड्रायरचा मोहही टाळावा. "माझा फोन आयपी ६८ आहे" असं म्हणणाऱ्या काकांना नम्रपणे सांगावं, की ती चाचणी साध्या पाण्यात होते, पातळ वरणात नाही. दुकानात गेल्यावर "पाणी लागलंच नाही हो" असं म्हणून बघायला हरकत नाही. पण बहुतेक फोनच्या पोटात एक पांढरी खूण असते, ती पाणी लागलं की लाल होते. तिला पढवता येत नाही.

रिमोट हा खरा अभ्यासाचा विषय. चालत नाही म्हणून तो तळहातावर आपटायची आपल्याकडे रीत आहे, मूल ती आपल्याकडूनच शिकतं आणि पुढे फरशीवर सराव करतं. बिघाड कुठे आहे हे पाहायचं असेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला, तर रिमोट जिवंत आहे, टीव्हीकडे बघा. काहीच दिसलं नाही तर सेल बदला. तरीही नाही तर रिमोट उघडा. आत रबरी बटणांची एक चादर असते, तिच्या पाठीवर काळे ठिपके आणि खाली हिरवी पट्टी. या दोहोंच्या मधे गुरुवारचा वरणभात वाळलेला आढळेल. '५'च्या बटणाखाली बिस्किटाचा चुरा, आवाजाच्या बटणाखाली चिकट लाळ. पट्टी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, काळे ठिपके मात्र खरवडू नका. बटणाचं सगळं काम तेच करतात. झाकण हरवलेलं असणारच. सेल रबरबँडने बांधावेत, हे सर्वमान्य आहे.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. छोट्या रिमोटमध्ये, वजनकाट्यात, गाणाऱ्या खेळण्यांत रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो. तो मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांत आतून भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका असली, तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट इस्पितळ गाठा आणि एक्स-रे काढा. त्या झाकणाला रबरबँड चालत नाही, स्क्रूच हवा.

टीव्हीवर चेंडू बसला असेल तर हा भाग वाचू नका. पॅनेल गेलं की नव्या पॅनेलचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो आणि वॉरंटीत फुटतूट धरत नाहीत. टीव्ही भिंतीवर उंच लावावा. मूल स्टूल आणेल, पण तेवढाच वेळ मिळतो.

शेवटी दुरुस्तीवाला. त्याला "आपोआप बंद पडलं" असं सांगायची प्रथा आहे. तो "हो वहिनी" म्हणतो, सेट-टॉप बॉक्स उघडतो आणि टेबलावर एकेक वस्तू मांडतो : दोनचं नाणं, केसांची पिन, चकलीचा तुकडा, आजोबांची बीपीची गोळी. गोळी वाया गेली म्हणून आजोबा चिडतात. नाणं मूल परत मागतं. ते देऊ नये.