टंचाई शाखेत नवरदेव

सकाळी पेपर उघडला की कळतं, जगात पोरं व्हायची थांबलीत. दक्षिण कोरियात 2023 साली बाईमागे मुलांची सरासरी 0.72 वर आली, म्हणून आमच्याकडे पहिल्या पानावर रिकाम्या पाळण्याचा फोटो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपण लोकसंख्येत चीनला मागं टाकलं, तेव्हा तिथंच लोकलच्या गर्दीचा फोटो होता. पाळणा आणि लोकल, एवढ्या भांडवलावर आमचं लोकसंख्याशास्त्र चालतं.

आता तर म्हणे तरुणांना लग्नातच रस उरला नाही. हे लिहिणारा सोलापूरला आलेला नसणार. 21 डिसेंबर 2022 ला इथं ज्योती क्रांती परिषदेनं, मुली मिळेनात म्हणून, लग्नाळू पोरांची वरात थेट कलेक्टर कचेरीवर नेली. बाशिंग, शेरवानी, घोडा, बँड, कशाची म्हणून कमी नव्हती. मला आपली काळजी आवक-जावकच्या कारकुनाची. निवेदन कुठल्या टेबलाला लावायचं? टंचाई शाखा आहे, पण ती पाण्याची.

मागणी होती गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा नीट राबवा, ही. कायदा 1994 चा. पण कॅमेऱ्यात घोडा छान येतो, कायदा येत नाही. राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली 1991 ला 946 होत्या, 2001 ला 913, 2011 ला 894. बाशिंग बांधलेली पोरं पाळण्यात होती ती याच काळात. तेव्हा दवाखान्याबाहेर एवढंच विचारायचे, पेढा का बर्फी? बर्फी निघाली की बऱ्याच ठिकाणी ऑर्डरच रद्द. याची बातमी कोण करणार? न झालेल्या बारशाला वार्ताहराला बोलवत नाहीत.

त्याच डिसेंबरच्या 2 तारखेला याच जिल्ह्यात, अकलूजला, दोन जुळ्या बहिणींनी एकाच नवरदेवाला माळ घातली. प्रकरण पोलिसांत गेलं. म्हणजे टंचाई नाहीच, वाटप चुकतंय. उजनी धरणाच्या पाण्याबद्दलही आम्ही वर्षानुवर्षं हेच ऐकतो.

महाराष्ट्राचा जननदर 2019-21 च्या पाहणीतच 1.7 वर आला होता. 2024 च्या डिसेंबरात नागपुरात सरसंघचालकांनी तीन मुलांचा सल्ला दिला. सल्ला उत्तम, फक्त गावच्या सरपंचाला कळू देऊ नका. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं झालं की खुर्ची जाते, असा आपल्याच राज्याचा नियम. शिवाय लग्नंच आटली तर आहेराच्या चादरींचं आणि टॉवेल-टोपीचं काय, हा खरा सोलापुरी प्रश्न अजून एकाही अग्रलेखाला सुचलेला नाही.

या सगळ्या छापील काळजीत मुलीला मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर 'अपेक्षा वाढल्या' असं आधीच ठरवून. शेती पाहिजे पण शेतकरी नको, हे वाक्य तर आता टाइप करून ठेवलेलंच असतं.

शेजारची पोरगी संक्रांतीला पुण्याहून आली होती. सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता टाकून आम्ही संमती कट्ट्यावरून परतत होतो. गर्दीत चप्पल तुटलेली, ती हातात घेऊन चाललेली. इथं दरवर्षी लाखो माणसं ज्या लग्नाला जमतात, त्यात हट्ट नवरीचा होता. कुंभाराची लेक अडून बसली, सिद्धरामेश्वर संन्यस्त, शेवटी त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं. मी सहज म्हटलं, "बघ, तेव्हाच्या मुली दंडाशीसुद्धा लग्न करायच्या."

"मग काय वाईट, काका?" ती चपलेचा तुटका अंगठा बघत म्हणाली. "दंड बरा की. सकाळी उठून 'चहा कुठाय' म्हणून ओरडत तरी नाही."

घरी जाऊन मी मुकाट्यानं गॅस पेटवला. साखरेचा डबा कुठं असतो, ते मात्र विचारावं लागलं.