जागाधरे काका

फिलाडेल्फियाच्या स्प्रूस स्ट्रीट हार्बर पार्कमध्ये झाडाला टांगलेल्या एखाद्या रिकाम्या झोळीत निळ्या काठाचा पांढरा रुमाल आणि त्यावर स्टीलचा डबा ठेवलेला दिसला, की खुशाल समजावं, जागाधरे काका आसपास आहेत. लांब नसतात. डबा नजरेच्या टप्प्यात राहील इतपतच फिरतात.

ही बाग मोसमी. 2014 सालच्या उन्हाळ्यात डेलावेअर नदीच्या काठावर थोड्या दिवसांची गंमत म्हणून मांडली गेली. मालवाहू कंटेनरमध्ये खाण्याच्या टपऱ्या, नदीत तरंगते तराफे, त्यांच्यावर पाण्याच्या वर ताणलेल्या जाळ्या, संध्याकाळी झाडांतून रंग बदलणारे दिवे, आणि झाडाझाडांत टांगलेल्या रंगीबेरंगी झोळ्या. आत यायला पैसे नाहीत. लोकांनी ती इतकी डोक्यावर घेतली, की पुढच्या उन्हाळ्यांतही मांडावी लागली. मे महिन्यात मांडायची, सप्टेंबर सरता सरता आवरायची.

मेमध्येच आणखी एक मोसमी आवक होते. मुलाकडे आलेल्या मराठी आईवडिलांची. पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का, पायात मुलाने आणलेले पांढरेशुभ्र बूट आणि जूनच्या संध्याकाळीसुद्धा अंगात हाफ स्वेटर. काका दर वर्षी निराळे असतात. कधी कोथरूडचे, कधी डोंबिवलीचे, कधी नाशिकचे. पण रुमाल तोच.

काकांची तयारी कुठे झाली हे सांगायला नकोच. एसटी स्टँडात गाडी थांबायच्या आत खिडकीतून आधी रुमाल, मग पिशवी, आणि पिशवीलाही कोणी दाद देईना असं दिसलं, की पोटचा मुलगा आत सारायचा. खिडकीतून सारलेला तो मुलगाच आज एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि फिलाडेल्फियाच्या परिसरात एक्स्टनला राहतो. सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीत सतरंजी अंथरून अख्ख्या बिल्डिंगसाठी जागा धरली ती काकांनीच. त्या रात्री गायलं कोण, हे विचारू नका. मधल्या वाटेलगत बसायला मिळालं होतं, एवढं त्यांना पक्कं आठवतं. लग्नाच्या पंगतीत पहिली पंगत बसलेली असताना ते एखाद्या ताक मागणाऱ्याच्या मागे उभे राहत. ताक मागितलं म्हणजे माणूस उठणार, हा त्यांचा हिशेब. तो सहसा चुकला नाही.

असा माणूस ह्या बागेत येतो आणि पहिल्याच रविवारी त्याच्या लक्षात येतं, की इथे झोळ्या कमी आणि माणसं जास्त आहेत. सहा महिने करायचं काय, हा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

अडचण एकच. इथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर 1787 साली या देशाची राज्यघटना लिहिली गेली, पण तिच्यात रुमालाचं कलम घालायचं राहून गेलं. त्यामुळे काय होतं, ते एका रविवारी मी शेजारच्या बाकावरून पाहिलं. काकांनी झोळीत रुमाल टाकला आणि दुसरी झोळी धरायला चार पावलं पुढे गेले. कॉलेजातली एक मुलगी आली, तिने रुमाल उचलला, नीट घडी घातली आणि धावत जाऊन काकांच्या हातात दिला. “सर, तुमचा रुमाल पडला होता.” काका “थँक यू” म्हणाले, परत आले आणि रुमाल पुन्हा झोळीत ठेवला. तिने तो पुन्हा आणून दिला. या वेळी तिचा आवाज मऊ झाला होता. लहान मुलाशी बोलावं तसं तिने विचारलं, “सर, तुमच्यासोबत कोणी आहे का?” काकांचा चेहरा उजळला. अखेर मुद्द्याचा प्रश्न! “येस, येस! फोर फॅमिलीज!” मुलीने आजूबाजूला पाहिलं. चारातली एकही फॅमिली दिसेना. ती इतकी कळवळली, की काकांना झोळीत बसवूनच तिने त्यांचा निरोप घेतला. काका म्हणतात, मुलगी संस्कारी होती, घरचं वळण असणार.

त्या दिवसापासून रुमालावर डबा आला. डबा पडला असं कोणी म्हणत नाही. आणि डब्यानेही भागेनासं झालं, की काकूंना आणतात.

काकूंचं झोळीत बसणं हा स्वतंत्र कार्यक्रम. त्या झोळीकडे पाठ करून उभ्या राहतात, दोन्ही हातांनी मागची कड चाचपतात, “अहो, धरा हं” म्हणतात आणि अंग सोडतात. झोळी नेमकी त्याच क्षणी मागे सरकते. काकांनी धरलेलं असतंच, पण काकूंना नाही, झोळीला. दोन-तीन हेलकावे खाल्ल्यावर काकू मध्यभागी स्थिरावतात. पाय वर, पंजाबी ड्रेसची ओढणी एका गाठीत अडकलेली, पर्स पोटावर. पाच मिनिटं त्या “मला उतरवा” म्हणतात. सहाव्या मिनिटाला गप्प होतात. दहाव्या मिनिटाला घोरतात. या सगळ्या मोसमात बागेचा खरा उपभोग घेतला असेल तर तो काकूंनी. काका मात्र शेजारी उभे. जागा धरणारा बसत नाही. तो बसला तर जागा कोण बघणार?

उभं राहून राहून काकांचा अभ्यास वाढतो. कोणत्या झोळीवरचं ऊन किती वाजता सरतं, याचं वेळापत्रक त्यांना पाठ. कोणत्या झाडावर पक्ष्यांचा वावर आहे आणि म्हणून खालची झोळी टाळावी, हेही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका तर मुलाला म्हणाले, “अरे, तुझी नदी सकाळी तिकडे जात होती, आता इकडे येतेय!” बारा वर्षं फिलाडेल्फियाच्या परिसरात राहिलेल्या मुलाने हे कधी पाहिलंच नव्हतं. काकांचं बरोबर होतं. समुद्र शंभरेक मैल लांब असला तरी डेलावेअरला इथवर भरती-ओहोटी असते, पाणी पाच-सहा फूट चढतं-उतरतं. तेव्हापासून ते रोज धक्क्याच्या खांबावरची ओली रेघ पाहून भरती किती आली ते जाहीर करतात. विचारलं नाही तरी.

बागेला लागूनच ऑलिंपिया नावाची जुनी युद्धनौका उभी आहे. 1898 साली मनिलाच्या उपसागरातल्या लढाईत अमेरिकन ताफ्याचा प्रमुख तिच्यावर होता. काका येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ही माहिती हात लांब करून देतात. स्वतः आत गेलेले नाहीत. तिकीट आहे. “बाहेरून दिसतेच आहे की,” असं म्हणून विषय संपवतात. त्यांचं खरं मन रमतं ते जमिनीवर मांडलेल्या, गुडघ्याएवढ्या सोंगट्यांच्या बुद्धिबळात. दोन अनोळखी पोरं खेळत असतात. काका थोडा वेळ दम धरतात, मग राहवत नाही. “घोडा! अरे घोडा!” पोरं वळून पाहतात. काका जाऊन घोड्याच्या मानेवर हात ठेवतात. त्यावर चाल होते, पांढरा हरतो, पोरं हसत हात मिळवतात, आणि तेवढ्यात मागे डब्याची झोळी गेलेली असते.

खरी परीक्षा चार जुलैच्या सुमाराची. नदीवर आतषबाजी असते आणि त्या दिवसांत इथे सूर्य मावळायलाच साडेआठ होतात. काका दुपारी तीनला हजर. सतरंजी, दोन चादरी, तीन डबे, एक पाण्याची कॅन आणि काकू, एवढ्या ऐवजावर ते चार कुटुंबांची जागा आखतात. मुलगा लाजेने अर्धा होतो. “बाबा, इथे असं करत नाहीत.” काका उत्तर देत नाहीत. संध्याकाळी आठला चार कुटुंबं येतात, पार्किंगला शिव्या देत, आणि गर्दीच्या ऐन मध्यात ऐसपैस पसरतात. मुलगाही पसरतो. चादरीच्या कोपऱ्यावर एक अमेरिकन म्हातारं जोडपं बिचकत उभं असतं. काका त्यांना पाहतात, एक डबा सरकवतात, “सिट, सिट,” म्हणतात. जागा जास्तीची धरलेली असतेच. ती नेहमीच असते. काकांनी कधी मोजून धरलेली नाही, आणि धरलेल्या जागेवरून कोणाला उठवल्याचंही कधी ऐकलं नाही.

ऑगस्टमध्ये काकांना परतीचे वेध लागतात. पण सरकारी माणूस, चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. नुकतंच कोणा मुलीकडे आलेलं नागपूरचं जोडपं गाठून ते त्यांना बागेत आणतात. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे. काका त्यांना हद्द दाखवत फिरतात. “ही पाण्याकडची. पाचनंतर सावली. ही दिव्यांखालची, पोरांना आवडते, लवकर धरावी लागते. आणि ही कोपऱ्यातली चुकूनही घेऊ नका, गाठ सैल आहे, मी दोनदा सांगितलं त्यांना.” नुसता रुमाल टाकू नका, त्यावर वजन ठेवा, हेही सांगतात. वजनाला काय चालतं, याची यादी देतात. नागपूरकर मान हलवत सगळं ऐकून घेतात. शेवटी अगदी सहज विचारतात, “आणि यात पडायचं केव्हा?”

काका क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहतात. मग खिशातून रुमाल काढून घाम पुसतात.

“पडायला घरी पलंग आहे की!”