किंक्रांतीचा वचननामा

पुणे महापालिकेचं २०२६ चं मतदान १५ जानेवारीला, म्हणजे ऐन किंक्रांतीला. या करिदिनी शुभकार्याला हात घालू नये असं जुनी माणसं सांगतात. आमच्या भाऊंनी हे पथ्य इतकं कसोशीने पाळलंय, की अख्ख्या वचननाम्यात हात घालावा असं एकही शुभकार्य ठेवलेलं नाही.

भाऊ नेमके कुठल्या गावचे, ते विचारू नका. पालिकेने २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पोटात घेतली आणि क्षेत्रफळात मुंबईलाही मागे टाकलं. त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी मिळकतकराला वैतागून पुन्हा बाहेर पडली. उरलेल्या ३२ पैकी कुठल्याही गावात शिरा, पहिल्याच चौकात भाऊ भेटतील. फ्लेक्सवर. पांढराशुभ्र शर्ट, कानाला मोबाईल, खाली गॉगलवाल्या शुभेच्छुकांची रांग. मार्च २०२२ पासून पालिकेवर प्रशासक बसले, तेव्हापासून भाऊ ‘भावी नगरसेवक’च आहेत. आरक्षण आडवं आलंच तर म्हणून वहिनींचाही फोटो काढून ठेवला होता.

वचननाम्यात पहिला मान कमानीला. गावाच्या तोंडाशी भव्य प्रवेशद्वार, वर तीर्थरूपांचं नाव. कमानीतून आत गेल्यावर रस्ता कुठाय, असं विचारणाऱ्यांनी विकास आराखड्याचा नकाशा बघावा, त्यात तो चांगला ऐसपैस आहे. जमिनीवर मात्र मध्येच चुलत्यांचे पाच गुंठे लागतात, आणि भाऊंनी भाऊबंदकीत न पडण्याचं व्रत घेतलंय.

दुसरं पाणी. बांधकाम परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र लिहून देतो, की पालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवीन. फ्लॅट विकून झाले की तो पुढच्या साइटवर जातो, आणि हमीपत्र सोसायटीच्या फाइलमध्ये कोरडं ठणठणीत पडून राहतं. मग येतो टँकर. टँकर भाऊंच्या मेहुण्यांचे, त्यावर फोटो भाऊंचा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. माणसांचे हातपाय लुळे पडले, काही जीवही गेले आणि पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. भाऊंनी तेव्हाही तातडीने पाऊल उचललं. टँकरवर ‘शुद्ध’ असा शब्द वाढवून घेतला.

तिसरं महिला सक्षमीकरण. पैठणीचा खेळ दोनदा झाला. या निवडणुकीच्या तोंडावर पुण्यात थायलंडच्या सहलीपासून गुंठाभर जमिनीपर्यंतच्या सोडतींच्या बातम्या आल्या, तेव्हा नुसत्या पैठणीवर थांबलेले भाऊ साधेच म्हणायचे. संक्रांत मतदानाच्या आदल्या दिवशी. जाहीर प्रचार तेव्हा बंद झालेला असतो, पण हळदीकुंकवाचं वाण म्हणजे प्रचार थोडाच? ती तर संस्कृती.

चौथं ज्येष्ठ नागरिक. त्यांच्यासाठी बाकडी. आचारसंहिता लागल्यावर बाकड्यांवरच्या नावांवर कागद चिकटवले होते. खळ पातळ झाली असावी, कारण सगळे कागद वरच्या कोपऱ्यातून सुटलेत आणि वारा आला की ‘सौजन्य’ दिसतं.

सांडपाणी, कचरा, शाळा, दवाखाना हे विषय शेवटच्या पानावर ‘इत्यादी’मध्ये घेतले आहेत.

एवढं वाचून आमच्यातल्या शिकल्यासवरल्यांनी नाक मुरडलं. म्हणून भाऊंना सोसायटीत बोलावलं. ‘बोला, तुमच्यासाठी काय करू?’ असं त्यांनी विचारताच एकाने पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक मागितले, दुसऱ्याने सीसीटीव्ही, तिसऱ्याने इमारतीला बाहेरून रंग. ड्रेनेज लाइनचं नाव कोणी काढलं नाही, कारण ती सोसायटीच्या फाटकाबाहेर येते. भाऊंनी सगळं लिहून घेतलं आणि हळूच मतदार यादीत नावं किती, ते विचारलं. तिथे जरा शांतता पसरली. निम्म्या घरांची नावं अजून लातूर, वर्धा, जळगावच्या यादीत. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी हिशेब केलाय, की गुरुवारी मतदानाची सुट्टी, शुक्रवारी रजा टाकली की सलग चार दिवस. रिसॉर्ट बुक झालंय. तिथे नळाला चोवीस तास पाणी असतं म्हणे.

शेवटी सेक्रेटरींनी धीर करून विचारलंच, ‘भाऊ, वचननाम्यात पाइपलाइन का नाही?’

भाऊ हसले. ‘साहेब, आज रात्री दोन वाजतासुद्धा तुम्ही मला फोन करता. नळाला पाणी आल्यावर कराल का?’

सेक्रेटरींनी मान डोलावली, आणि फाटकापर्यंत सोडायला जाताना मेहुण्यांचा नवा नंबर मागून घेतला.