टाकसाळीची चूक आणि आमचे मामाजी

पोंभुर्ण्याच्या बाजारात दहा रुपयांचे धडधाकट नाणे पुढे केले, की विक्रेता ते उलटेसुलटे करतो, शेजाऱ्याला दाखवतो आणि परत देतो. "हा नाई चालत जी." का चालत नाही, ते विचारायचे नसते. कुणी म्हणते, रुपयाचे चिन्ह नसलेले खोटे. कुणी म्हणते, दहा रेघांचे खरे आणि पंधरा रेघांचे खोटे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये पत्रक काढून सांगितले, की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही प्रकार चालतात. ते पत्रक अंधारी नदी ओलांडून अलीकडे आलेले दिसत नाही.

आमच्या मामाजींचे मात्र उलटे आहे. ज्या नाण्याला कुणी हात लावणार नाही, त्यातच त्यांना लाखो रुपये दिसतात. वैष्णोदेवीच्या 2012 सालच्या नाण्याला दहा लाख मिळतात, असा व्हिडिओ त्यांनी पाहिला. तेव्हापासून बिस्किटांचा पत्र्याचा डबा, भिंग आणि मी, असा त्यांचा सरंजाम आहे. मी नागपूरला नाणी गोळा करणाऱ्यांत थोडी उठबस केलेला, म्हणून तज्ज्ञ.

डब्यातून पहिले निघाले ते चपटे, लांबुळके एक रुपयाचे नाणे. "टाकसाळीत मशीन चुकली," मामाजी म्हणाले. मशीन नव्हे, मूलच्या स्टेशनाजवळ पोरांनी रुळावर ठेवले आणि वरून गाडी गेली. टाकसाळीच्या दाबाने ठसा उमटतो; गाडीच्या चाकाने उमटलेला ठसा पसरतो आणि पुसतो.

"आणि ही रेघ?" रेघ होती खरी, पण खोल गेलेली. इथे एक सोपी गोष्ट लक्षात ठेवावी. ठसा ज्या पोलादी साच्याने मारतात, तो तडकला, तर धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ उंच उठते. नखाला लागते. खिळा, चावी, विळा यांनी काढलेली रेघ आत जाते. उंच ती टाकसाळीची, खोल ती आपली, असे बहुतेक वेळा धरून चालायला हरकत नाही. मामाजींच्या डब्यातल्या सगळ्या रेघा आपल्याच निघाल्या.

मग दहाचे पिवळे कडे आले, मधला भाग गायब. "असे एकच असेल देशात!" मामाजी उठून उभे राहिले. मी कड्याची आतली कड दाखवली. कडे आणि मधली चकती एकत्र दाबून त्यावर ठसा मारतात. म्हणून चकती नंतर कुणी ठोकून काढली, की जिथे नक्षी चकतीवर जात होती, तिथे ती कापल्यासारखी तुटते. कुणीतरी चकती काढून कड्याची वॉशर करायला घेतली असावी आणि ती कुठल्याच बोल्टाला बसली नसावी.

नाण्याला जखमा करायची परंपरा जुनी आहे म्हणा. जुन्या चांदीच्या रुपयांवर सराफ खरेपणा तपासायला छोटे ठसे मारत. रुपया खरा निघायचा, पण ओळखू येईनासा व्हायचा.

पुढे मामाजींनी थेट टाकसाळीवरच बोट ठेवले. "याच्या सालाखाली चांदणी हाये, याच्याखाली ठिपका, याच्याखाली चौकट. आणि याच्याखाली काहीच नाई! विसरले साले!" चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, चौकट मुंबईची. कोलकात्याची टाकसाळ चिन्ह मारतच नाही. मामाजींना हे पटले नाही. चार भावांपैकी एकच नाव लिहीत नसेल, तर तो विसरतोच, असे त्यांचे म्हणणे.

खऱ्या चुका असतात, त्या वेगळ्या. कातरताना एका बाजूला घास गेलेली चकती. तिची खूण म्हणजे घासाच्या बरोबर समोरची कडही बहुधा पुसट येते. कानशीने घासलेल्याला ते जमत नाही. आधीचे नाणे साच्याला चिकटून राहिले, की पुढच्याच्या एका बाजूला तेच चित्र उलटे आणि खोलगट उमटते. संग्राहक त्याला 'लाखी' म्हणतात. हा शब्द मी मामाजींपासून लपवून ठेवला आहे.

ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले होते, की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि तिच्या नावाने कुणी शुल्क मागितले तर देऊ नका. तेही मी वाचून दाखवले. "मोठे लोक असंच म्हणतात," मामाजी म्हणाले, "आणि गुपचूप घेतात."

शेवटी डब्याच्या तळाशी एक स्वच्छ, चकचकीत दोन रुपयांचे नाणे सापडले. सहज आडवे फिरवले आणि मी थांबलो. आपल्या नाण्याचा सिंह सरळ धरून असे फिरवले, की मागचा आकडाही सरळच दिसायला हवा. इथे दोनचा आकडा चांगलाच कलंडला होता. साचा फिरलेला. अस्सल टाकसाळीची चूक! फार मोठी किंमत नाही, पण खरी.

मामाजींनी भिंगातून पाहिले. "यात काय हाये? चांगलाच तर हाये सिक्का." आणि मी काही म्हणायच्या आत ते कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर जाऊन सुपारी घेऊन आले.

मी ठेल्याकडे धावलो. ठेलेवाल्यासमोर दहाचे नाणे ठेवले आणि म्हणालो, भाऊ, आत्ता मामाजींनी दिलेला तो दोनचा सिक्का द्या, हे दहा ठेवा, वरचे पैसे नकोत.

त्याने दहाचे नाणे उलटे केले, सुलटे केले, उजेडात धरले.

"हा नाई चालत जी."